वर्गातली वही: मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेल्यांसाठी

खडूफळा

अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वह्यांना एक ठरावीक रूप येतं. पहिली चार पानं सुवाच्य, पाचव्या पानावर अर्धवट वाक्यं, आठव्यापासून नुसती फळ्यावरची समीकरणं. पुढे मग ‘झेरॉक्स आणतो’. यात आळस फार कमी असतो. तास अकरावीचा होतो आणि लिहिण्याची सवय दहावीचीच राहते, हे खरं कारण. दहावीपर्यंत बाई प्रश्नोत्तरं सांगतात, मुलं उतरवून घेतात. अकरावीत ‘हे लिहा’ असं कोणी सांगत नाही. काय लिहायचं ते ऐकता ऐकता आपणच ठरवायचं, तेही इंग्रजीतून. म्हणून हा धागा. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया नेमकं लिहावं: किती, कसं, कुठे बिघडतं.

सुरुवात मी करतो.

शिकवणारा माणूस मिनिटाला १००-१२५ शब्द सहज बोलतो. नंतर वाचता येईल असं हाताने लिहायचं तर मिनिटाला २०-२५ शब्द होतात. म्हणजे पाच शब्दांतला एकच वहीत येणार. हा हिशेब एकदा पटला की ‘सगळं लिहून घेतो’ हा हट्ट सुटतो. मग तो पाचवा शब्द कुठला, एवढंच ठरवायचं राहतं.

माझ्या मते, जो पाठ्यपुस्तकात नाही तो. व्याख्या पुस्तकात छापलेली आहे. ती शब्दन् शब्द उतरवण्यात दीड मिनिट गेलं तर तेवढ्या वेळात सर जे तोंडी बोलले ते गेलं. फळा सगळ्यांच्या वहीत येतो. तोंडी बोललेलं फार थोड्यांच्या वहीत येतं, आणि खरी मेख बहुतेक वेळा तिथेच असते: इथे ऋण चिन्ह का आलं, हे सूत्र कुठे लागू पडत नाही, इथे मुलं हमखास कुठे घसरतात. सर खडू खाली ठेवून वर्गाकडे वळले की पेन उचलायचं. बहुतेक मुलं नेमकी त्याच वेळी पेन खाली ठेवतात.

व्याख्या आली की वहीत फक्त शब्द आणि पुस्तकाचा पान क्रमांक लिहा, आणि ऐकत राहा.

आणि त्याच दिवशी, रात्री जेवणाआधी, प्रत्येक तासाला १० मिनिटं द्या. चार तास झाले असतील तर ४० मिनिटं. पहिली ३ मिनिटं गाळलेल्या जागा पुस्तक बघून भरण्यासाठी. पुढची ५ मिनिटं त्या पानावरून दोन-तीन प्रश्न तयार करण्यासाठी. शेवटची २ मिनिटं वही झाकून त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर तोंडी सांगण्यासाठी. हे दुसऱ्या दिवसावर गेलं की अर्धवट वाक्याचा उरलेला अर्धा आठवत नाही आणि पान मुकं होतं.

तिसरा_बाक

खूप गरजेचा धागा. एक अडचण नेमकी सांगतो. इंग्रजी वाक्य ऐकायचं, मनात मराठी करायचं, मग ते पुन्हा इंग्रजीत लिहायचं, या तीन पायऱ्यांत पुढची दोन वाक्यं निघून जातात. मग वहीत इंग्रजी लिहावं की मराठी? परीक्षा इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठीत लिहिलं तर सवय मोडेल अशी भीती सगळ्यांनाच असते.

शब्दवेल्हाळ

@तिसरा_बाक, वर्गात सरमिसळ लिहायची. संज्ञा इंग्रजीत, स्पेलिंगसकट. समजावणी ज्या भाषेत मनात उमटली त्या भाषेत. मराठीत उमटली तर मराठीत. वर्गातल्या वहीला कोणी गुण देणार नाही, तिथे शुद्धतेचा विचारच करू नका. इंग्रजीतून उत्तर लिहिण्याचा सराव घरी करायचा असतो. वर्गातच भाषांतर करत बसलात तर ना विषय कळतो ना भाषा.

मात्र एक काम पहिल्या आठवड्यातच करा. वहीची शेवटची सहा पानं राखून ठेवा आणि त्यावर तीन रकाने आखा: इंग्रजी संज्ञा, दहावीपर्यंतचा मराठी शब्द, आणि तिसऱ्यात एखादं चिन्ह किंवा छोटं चित्र. स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, इनर्शिया म्हणजे जडत्व, कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, टिश्यू म्हणजे ऊती. यातल्या बहुतेक संकल्पना मराठी माध्यमाच्या मुलांना पक्क्या येत असतात, फक्त नाव नवं असतं. नाव जुळलं की ‘हे तर आपल्याला येतं’ असा धीर येतो. पहिल्या महिन्यात या धीराची फार गरज असते.

खरा धोका अशा शब्दांचा, जे दोन विषयांत दोन अर्थांनी येतात. त्यांच्यापुढे लाल खूण करा:

सेल: जीवशास्त्रात पेशी, रसायनशास्त्रात विद्युतघट.
पॉवर: भौतिकशास्त्रात शक्ती, गणितात घात.
सोल्यूशन: रसायनशास्त्रात द्रावण, गणितात उकल.
नॉर्मल: भौतिकशास्त्रात पृष्ठभागाला लंब, म्हणजे अभिलंब. ‘नेहमीचा’ असा अर्थ धरला तर अख्खं वाक्य निरर्थक होतं.
मोमेंट आणि मोमेंटम: पहिला आघूर्ण, दुसरा संवेग. घाईत दोन्हींचं ‘मोम.’ असं संक्षिप्त रूप केलं की महिनाभराने कुठलं कोणतं हे कळत नाही. बारावीच्या पहिल्याच धड्यात, रोटेशनल डायनॅमिक्समध्ये, मोमेंट ऑफ इनर्शिया आणि अँग्युलर मोमेंटम शेजारी शेजारी येतात.

रिडक्शनवर जरा थांबा. ‘कमी होणं’ हा व्यवहारातला अर्थ डोक्यात असला की रिडक्शनमध्ये इलेक्ट्रॉन मिळतात हे उलटं वाटतं. वहीत असं लिहा: क्षपण, इलेक्ट्रॉन येतात, त्यामुळे ऑक्सिडेशन नंबर कमी होतो. ‘कमी’ नेमकं काय होतं ते लिहिलं की गोंधळ संपतो.

संक्षिप्त रूपांबद्दलही सांगते. ‘म्हणून’साठी तीन टिंबांचा त्रिकोण, ‘कारण’साठी तोच उलटा, वाढीला वरचा बाण, घटीला खालचा, ‘उदा.’, ‘वि.’ म्हणजे विरुद्ध. एवढी दहा-बारा पुरतात. नवीन रूप केलंत तर त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्याचा अर्थ लिहा.

प्रयोगवही

खडूफळा यांनी ‘तोंडी बोललेलं’ म्हटलंय, त्याचं एक उदाहरण जवळून दाखवतो. बारावी भौतिकशास्त्र, वळणावर बाहेरची कड उचललेला रस्ता, म्हणजे बँकिंग.

बहुतेक वह्यांत काय सापडतं? एक आकृती, मग दोन ओळी (एन म्हणजे रस्ता स्वतःला लंब दिशेने गाडीवर लावतो ते बल, एमजी म्हणजे गाडीचं वजन): एन कॉस थीटा = एमजी, एन साइन थीटा = एम व्ही वर्ग भागिले आर. दोन्हींचा भागाकार. टॅन थीटा = व्ही वर्ग भागिले आर जी. खाली चौकट. फळ्यावर एवढंच होतं, त्यामुळे वही ‘पूर्ण’ दिसते.

आता अकरावीची वही उघडा. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्यासाठी तिथे लिहिलेलं असतं: एन = एमजी कॉस थीटा. कॉस एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला! कोन ३० अंश घेतला तर ठोकळ्यासाठी एन येतो ०.८७ एमजी आणि गाडीसाठी १.१५ एमजी. आकृती तीच, उतार तोच, उत्तरं दोन. पाठ करणारं मूल परीक्षेत इथेच अडकतं.

सर तास चालू असताना एक वाक्य बोललेले असतात: ठोकळ्याला उताराच्या लंब दिशेने त्वरण नाही, म्हणून बलांचा तोल त्या दिशेने साधायचा. गाडीचं त्वरण आडवं आहे, वळणाच्या केंद्राकडे. उभ्या दिशेने त्वरण नाही, म्हणून तोल उभ्या दिशेने साधायचा. बस. हे एक वाक्य वहीत असेल तर बाकीचं घरी काढता येतं. हे नसेल तर बाकीची आठ ओळींची सिद्धता असून उपयोग नाही.

म्हणून सिद्धता लिहिताना पानाचा उजवीकडचा साधारण एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. डावीकडे पायऱ्या, क्रमांक घालून. उजवीकडे प्रत्येक पायरीसमोर ‘का?’चं उत्तर, चार-पाच शब्दांत. ‘उभं त्वरण शून्य.’ ‘घर्षण धरलं नाही.’ ‘कोन लहान, म्हणून साइन थीटा = थीटा.’ एखाद्या पायरीसमोर काहीच लिहिता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह घाला आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच विचारा. ‘सर, डेरिव्हेशन समजलं नाही’ याला उत्तर देणं कोणालाही अवघड जातं. ‘चौथ्या पायरीत वजाचं चिन्ह कसं आलं’ याला अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

आकृती पेन्सिलने, आणि किमान तळहाताएवढी. कोपऱ्यात नाण्याएवढी काढली की बलांचे बाण एकमेकांवर चढतात.

कोरंपान

धागा चांगला चाललाय. खडूफळा यांच्या ‘त्याच पानावरून प्रश्न’ या मुद्द्याला धरून. पानं आखण्याच्या ज्या पद्धती सांगतात त्या फुलस्केपवर ठीक. आपल्याकडे बहुतेक मुलं २०० पानी लाँगबुक वापरतात, ती अरुंद असते. तिच्यात समास, प्रश्नांचा रकाना, ‘का’चा रकाना आणि खाली सारांश एवढं घातलं तर लिहायला पट्टीएवढी जागा उरते. त्यापेक्षा वही उघडल्यावर उजवं पान वर्गासाठी, डावं पान पूर्ण कोरं. घरी जे काही करायचं ते डाव्या पानावर: प्रश्न, ‘का’, चुकलेलं उदाहरण, नंतर सुचलेलं. वही लवकर संपते, वर्षाला दोन-तीन वह्या जास्त लागतात, पण पट्टी घेऊन आखत बसावं लागत नाही.

दुसरं म्हणजे फेअर वही. रफ वहीतलं सुंदर अक्षरात फेअरमध्ये उतरवणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे, आणि पालकांनाही ती आवडते. एका तासाचं उतरवायला पाऊण तास जातो आणि त्यात डोकं जवळजवळ वापरलं जात नाही. हात चालतो, मन दुसरीकडे. तोच पाऊण तास वही झाकून कोऱ्या कागदावर आठवून लिहिण्यात घालवा, फरक महिन्याभरात दिसेल. प्रॅक्टिकलचं जर्नल नीट हवं, ते सबमिशनला लागतं. वर्गातली वही खाडाखोडीची असली तरी चालते.

खडूफळा

@कोरंपान, डाव्या पानाची कल्पना पटली. दोन रकान्यांच्या ज्या पद्धतीचा तुम्ही उल्लेख केलात ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची, १९५० च्या दशकातली. मूळ मापं अशी: डावीकडे अडीच इंच प्रश्नांना, उजवीकडे सहा इंच टिपणांना, खाली दोन इंच सारांशाला. म्हणजे साडेआठ इंच रुंद कागद. ए४ वर ती जवळजवळ तशीच बसते. लाँगबुकवर नाही बसत, हे खरं.

पण त्या पद्धतीतलं एक तत्त्व कुठल्याही वहीत पाळा. प्रश्नांचा रकाना वर्गात भरायचा नाही. तो नंतर भरायचा, आणि अभ्यास करताना टिपणं झाकून फक्त तो उघडा ठेवायचा. पुष्कळ मुलं रकाना आखतात आणि त्यात प्रश्नांऐवजी मथळे लिहितात: ‘बँकिंग’, ‘कॉनिकल पेंड्युलम’. मथळा वाचून ‘हो, येतं’ असं वाटतं आणि पान उलटतं. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

मोजमाप

हे ‘येतं असं वाटणं’ नीट मोजलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांचं ८१ टक्के, लिहून काढणाऱ्यांचं ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं: पुन्हा वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६ टक्के.

यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, कारण मुलं फसतात ती त्याच्यामुळे. आदल्या रात्री तीनदा वाचून सकाळी चाचणीला बसलं की बरं जमतं, म्हणून ‘आपली पद्धत बरोबर आहे’ अशी खात्री होते. सहामाहीला तोच धडा कोरा वाटतो.

हायलायटरबद्दल: डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणं या दोन सर्वांत उपयोगी. पिवळ्या रेघांनी पान भरतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. फार तर चुकलेल्या जागेवर एकच रंग वापरा.

टॅबवर लिहावं की कागदावर, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. लॅपटॉपवर टाइप करणारे बोललेलं जसंच्या तसं उतरवतात आणि त्यामुळे संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडतात, असा निष्कर्ष २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासातून आला. नंतर तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना इतका स्पष्ट फरक सापडला नाही. त्यामुळे साधनावरून वाद नको. जसंच्या तसं उतरवणं टाळलं की झालं. आपल्या विषयांत आकृत्या आणि समीकरणं एवढी असतात की कीबोर्ड तसाही चालत नाही.

तिसरा_बाक

प्रश्न तयार करायचे म्हणजे नेमके कसे? बसलं की ‘व्हॉट इज’ आणि ‘डिफाइन’ एवढंच सुचतं.

खडूफळा

चार साच्यांवर भर द्या. ‘का?’ ‘बदललं तर काय?’ ‘यात आणि त्यात फरक काय?’ ‘हे कधी लागू नाही?’ बँकिंगवरच बघा. रस्त्याचा कोन गाडीच्या वजनावर अवलंबून का नाही? वळणाची त्रिज्या चौपट झाली तर योग्य वेग कितीपट होईल? (दुप्पट.) ठोकळ्याच्या एनमध्ये आणि गाडीच्या एनमध्ये फरक का? घर्षण धरलं तर हे सूत्र चालेल का? एका पानाला तीन पुरेत. दहा केलेत तर पुढच्या आठवड्यात एकाकडेही बघणं होणार नाही.

प्रश्नापुढे कंसात गुण लिहा. बारावी भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेचा आराखडा ७० गुणांचा आहे: बहुपर्यायी १०, एकेका गुणाचे ८, दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. म्हणजे सर्वांत जास्त गुण तीन गुणांच्या प्रश्नांत आहेत, २४. सिद्धता तीन गुणांत लिहायची तर तिचे तीन टप्पे कुठले, आकृती त्यात धरली की नाही, हे डाव्या पानावर आधीच ठरलेलं असलं तर पेपरात वेळ जात नाही.

रसायनी

रसायनशास्त्रात एकच वही पुरत नाही, कारण त्याचे तीन भाग तीन तऱ्हांनी लक्षात राहतात. फिजिकल केमिस्ट्रीला भौतिकशास्त्रासारखं ‘का’ लागतं, इनऑरगॅनिकला तुलना लागते, ऑरगॅनिकला सराव. त्यातल्या दोन गोष्टींवर लिहिते.

पहिली, तक्ते. सॉलिड स्टेटचा तक्ता प्रत्येक वहीत असतो: सिंपल क्युबिकमध्ये एकक कोष्ठिकेत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या घनात) १ कण, समन्वयांक (एका कणाला टेकणारे शेजारी) ६, भरण (कणांनी व्यापलेली जागा) ५२.४ टक्के. बॉडी सेंटर्डमध्ये २ कण, ८, ६८ टक्के. फेस सेंटर्डमध्ये ४ कण, १२, ७४ टक्के. हे नऊ आकडे घोकण्याची गरज नाही. तक्त्यात आणखी एक रकाना घाला: ‘कण एकमेकांना कुठे टेकतात?’ सिंपलमध्ये कडेवर, म्हणून कड म्हणजे दोन त्रिज्या. बॉडी सेंटर्डमध्ये घनाच्या आतल्या कर्णावर, म्हणून कडेची वर्गमूळ तीन पट म्हणजे चार त्रिज्या. फेस सेंटर्डमध्ये पृष्ठभागाच्या कर्णावर, म्हणून कडेची वर्गमूळ दोन पट म्हणजे चार त्रिज्या. एवढं आणि कणांची संख्या आठवली की भरणाची टक्केवारी दोन मिनिटांत काढता येते. तक्ता एकदा झाला की डाव्या पानावर तोच सांगाडा रिकामा आखून ठेवा आणि दर आठवड्याला पेन्सिलने भरा, खोडा.

दुसरी, ऑरगॅनिकची पत्ती. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे जाड कागद कापा. एका बाजूला सुरुवातीचं संयुग आणि अभिकर्मक, मागे तयार होणारं संयुग. अट नेहमी लाल शाईने, कारण गुण अटीवरच जातात. प्रायमरी अल्कोहोल पीसीसीने (हा सौम्य ऑक्सिडीकारक) अल्डिहाइडवर थांबतं, पण आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटने थेट कार्बॉक्झिलिक आम्लापर्यंत जातं. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड घालताना पेरॉक्साइड असेल तर ब्रोमीन टोकाच्या कार्बनला लागतं, नसेल तर मधल्या. आणि हायड्रोजन क्लोराइड किंवा आयोडाइडला पेरॉक्साइडचा हा परिणाम लागू नाही. ही शेवटची ओळ वेगळी पत्ती म्हणून करा, ती जोडीने लिहिली की वाचताना निसटते.

पत्त्यांसाठी मिठाईचे तीन रिकामे खोके घ्या. पहिला रोजचा, दुसरा दर तीन दिवसांचा, तिसरा आठवड्याचा. उत्तर बरोबर आलं तर पत्ती पुढच्या खोक्यात, चुकलं तर कुठूनही परत पहिल्या खोक्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. त्यात मूळ खोके जास्त आहेत, बारावीला तीन पुरतात. दिवसाला नवीन पत्त्या सहा-सातपेक्षा जास्त नकोत. वीस-वीस केल्या की दहाव्या दिवशी पहिला खोका ओसंडतो आणि मूल तो उघडणंच सोडतं.

तेरीज

विज्ञानाच्या धाग्यात कॉमर्सचं घुसवतोय, पण बारावीच्या बीकेला (बुक-कीपिंगला) हाच मुद्दा लागतो म्हणून थोडक्यात. अंतिम खाती शिकवताना वहीत अख्खं उदाहरण उतरवून घेतात, दोन-दोन पानं आकडे. त्यातला एकही आकडा परीक्षेत येत नाही. उतरवायची ती समायोजनं, तीन रकान्यांत: समायोजन, पहिला परिणाम, दुसरा परिणाम.

देणे असलेला पगार: नफा-तोटा खात्यात पगारात मिळवा, ताळेबंदात देयता बाजूला. आगाऊ भरलेला विमा: विम्यातून वजा, ताळेबंदात मालमत्ता बाजूला. अखेरचा साठा: व्यापार खात्याच्या जमा बाजूला, ताळेबंदात मालमत्ता बाजूला. घसारा: नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला, ताळेबंदात त्या मालमत्तेतून वजा.

तेरजेतली (ट्रायल बॅलन्समधली) रक्कम एकाच ठिकाणी जाते, तेरजेबाहेर दिलेलं समायोजन दोन ठिकाणी. ताळेबंद जुळत नाही तेव्हा बहुतेकदा कुठल्यातरी समायोजनाचा दुसरा परिणाम राहिलेला असतो. उदाहरण सोडवताना प्रत्येक समायोजनासमोर दोन बरोबरच्या खुणा करायच्या, दोन्ही झाल्याशिवाय बेरीज मारायची नाही.

रेघोटी

छान माहिती मिळतेय. दोन शंका. वर्ग चुकला तर काय करायचं? मुलं मित्राच्या वहीचे फोटो मागवतात आणि ते फोनमध्येच पडून राहतात. आणि ज्या क्लासमध्ये छापील नोट्स मिळतात तिथे वेगळं लिहायचं का?

प्रयोगवही

@रेघोटी, चुकलेल्या तासासाठी आधी पाठ्यपुस्तकातला तो भाग वाचायचा, मग मित्राकडे १५ मिनिटं बसायचं आणि त्याला वही न बघता सांगायला लावायचं. त्याचीही उजळणी होते. सांगताना तो जिथे अडतो तिथे त्याच्याही वहीत भोक आहे, ते दोघांनी पुस्तकातून भरायचं. फोटो फक्त आकृतीचा घ्यावा, आणि त्याच रात्री आकृती हाताने काढून फोटो पुसून टाकावा. पुसायचा आहे हे माहीत असलं की उतरवणं पुढे ढकललं जात नाही.

फळ्याच्या फोटोंचंही तसंच. जिथे वर्गात फोनला परवानगी आहे तिथे मुलं फोटो काढून निर्धास्त होतात आणि ऐकणं थांबतं.

कोरंपान

छापील नोट्स असतील तर सोनं आहे, फक्त त्या घरी ठेवू नका. वर्गात त्यांच्यावरच लिहा. छापील ओळींच्या मध्ये आणि समासात फक्त तोंडी बोललेलं, ‘का’ आणि सरांनी वेगळ्या रीतीने सोडवलेलं उदाहरण. छापील मजकूर वहीत पुन्हा उतरवायचा नाही. पानं सुटी असतील तर पहिल्याच दिवशी फाइलला लावा, विषय आणि धडा कोपऱ्यात लिहून. सुटी पानं दिवाळीपर्यंत टिकत नाहीत.

शब्दवेल्हाळ

मी वर ‘इंग्रजीचा सराव घरी’ म्हटलं होतं, तो कसा हे राहिलं. रोज एकच प्रश्न. डाव्या पानावरचा दोन गुणांचा कुठलाही एक घ्या, आधी मराठीत तोंडी उत्तर द्या, मग वही झाकून इंग्रजीत चार वाक्यांत लिहा. मग पुस्तकातल्या वाक्याशी ताडून बघा. सुरुवातीला चुका व्याकरणाच्या कमी आणि जोडशब्दांच्या जास्त असतात: ‘त्यामुळे’, ‘जर-तर’, ‘च्या प्रमाणात’, ‘च्या सापेक्ष’. विज्ञानाच्या उत्तरात असे पंचवीस-तीस जोडशब्दच पुन्हा पुन्हा येतात. पुस्तकात सापडेल तसा एकेक शेवटच्या पानांवर लिहीत जा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती यादी भरते आणि मूल आपोआप थेट इंग्रजीत लिहायला लागतं.

मौखिक परीक्षेसाठीही हीच पानं काढा. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हात संज्ञा उच्चारता न आल्याने मुलं गप्प बसतात, उत्तर माहीत असूनसुद्धा. संज्ञा मोठ्याने म्हणायची सवय हवी.

खडूफळा

आणखी एक, मग बाकीच्यांचं वाचतो. उजळणीचं वेळापत्रक पानाच्या वरच्या कोपऱ्यातच ठेवा, वेगळी डायरी नको. तासाची तारीख लिहा आणि शेजारी चार छोटे चौकोन: त्याच दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने. डावं पान बघून, उजवं झाकून उत्तरं दिली की चौकोनात बरोबरची खूण, अडलं तर त्या प्रश्नाला गोल. हे दिवस एक-दोनने इकडे तिकडे झाले तर काही बिघडत नाही. अंतर वाढत जाणं महत्त्वाचं. महिन्याच्या चौकोनापर्यंत आलेलं पान उजळायला तीन-चार मिनिटं लागतात, कारण बघायचे असतात ते फक्त गोल केलेले प्रश्न.

आणि अकरावीच्या वह्या निकाल लागला की रद्दीत घालू नका. एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंग, फार्मसीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेत) २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो, ८० टक्के बारावीचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही पूर्ण मिळत नाही. तिथे अकरावीचा धडा नव्याने वाचायला एप्रिलमध्ये वेळ नसतो. डाव्या पानांवरचे गोल केलेले प्रश्न तेवढे काढायचे. एका विषयाचे ते दोन संध्याकाळींत होतात.

तिसरा_बाक

धन्यवाद सगळ्यांना. उद्यापासून डावं पान कोरं. पहिल्या आठवड्यात चारही विषयांना एकदम सुरू करावं का?

खडूफळा

नाही. पहिले दोन आठवडे फक्त भौतिकशास्त्र. तिथे ‘का’ सर्वांत जास्त असतो, त्यामुळे ऐकून निवडण्याचा सराव लवकर होतो. रात्रीची १० मिनिटं सलग दहा दिवस जमली की रसायनशास्त्र जोडा. गणिताला वेगळंच करावं लागतं: तिथे डाव्या पानावर प्रश्न लिहिण्याऐवजी वर्गातलंच उदाहरण आकडे बदलून पुन्हा सोडवायचं. जीवशास्त्रात आकृती नावं न देता काढायची आणि नावं दुसऱ्या दिवशी भरायची.